विहिरीतला तांबडा थर

हरिपूर, सांगली
शुक्रवार, १२ एप्रिल १९४६

प्रिय लालासाहेब,

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. तीन दिवस मी हिवतापाने पडून आहे, पण कार्ड वाचलं आणि हातपाय वेगळ्याच कारणाने गार पडले. तू लिहितोस, 'तांबड्यातनं पाणी झिरपाय लागलंय, घोटाभर लाल पाणी साचतंय. वरच्या काळ्या दगडाला बोटभर फट पडलीया, पर तू बघून गेलायस तवा काळजी न्हाई. सोमवारी फुडचा सुरुंग लावतो.' लाला, सोमवारी सुरुंग लावू नकोस. हे पत्र विहिरीत उभं राहून वाचत असशील तर आधी वर ये, तुझ्या पहारवाल्या बिराप्पालाही वर घे आणि काठापासून चार हात लांब बसून पुढचं वाच.

तू हसशील. म्हणशील, सिकंदर पलटणीत गेला वाघ होऊन आणि परत आला ससा होऊन. खरं आहे ते, मी घाबरलेलाच माणूस आहे. इथे हळदीच्या पेवांवर मुकादम झालो, पण वर्षभरात एकाही पेवात उतरलेलो नाही. पेव म्हणजे जमिनीत खणलेली दोन-तीन पुरुष खोल कोठी. दुसरे उतरतात, मी वर दोर धरून ओरडतो. लोकांना वाटतं मुकादमाचा रुबाब आहे. रुबाब कसला, तोंडाशी वाकून पाहायचं झालं तरी मी दुसऱ्याला पुढे करतो. घरी बायकोला, मेहरुनलासुद्धा मी याचं कारण सांगितलेलं नाही.

होळीला तुझ्याकडे आलो तेव्हा विहीर बारा हात गेली होती आणि नुकताच तो तांबडा मातीचा पट्टा लागला होता. तांबडं लागलं म्हणजे पाणी आलं, हा आपल्या गावाचा समज, आणि पाण्यातल्या साती आसरा देवींसाठी त्या पट्ट्यात कोनाड्यासारख्या सात देवळ्या कोरायच्या, हा रिवाज. काळ्या दगडात देवळी कोरायची तर आठवडा जाईल, तांबड्यात तासाभरात होते. घरातल्या प्रत्येक पुरुषाने एक कोरायची. तुम्ही भावाभावांनी सहा कोरल्या आणि सातवीसाठी तू माझ्या हातात छिन्नी दिलीस. म्हणालास, 'मानसिंगच्या वाटणीची तू कोर. शेवटाला त्याच्याजवळ तूच हुतास.' मी दोर धरून खाली उतरलो. कसा उतरलो ते माझं मला माहीत. सगळे काठावरून पाहत होते आणि तुझ्या धाकट्या भावाची देवळी कोरायला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. वर आलो तर अंगातला सदरा पिळून काढण्याइतका भिजलेला. तुम्हाला वाटलं उन्हाने.

मग काठावर बसून मी आमच्या कॅप्टनसाहेबाकडून ऐकलेलं सांगत सुटलो. तो लढाईआधी कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवायचा. आपला काळा पत्थर जमिनीच्या भेगांतून तापलेला रस होऊन वर आला, पसरला, गार होताना आवळला आणि आवळताना उभा तडकला. असे रसावर रस येत गेले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. दोन रसांच्या मधे इतका काळ गेला की खालच्या दगडाची साल कुजून माती झाली, तिच्यात झाडंझुडपं उगवली असतील, आणि पुढचा रस त्या मातीला भाजून तांबडी करून वर बसला. पाच कोटी वर्षं झाली की सहा, यावर साहेबांचंही एकमत नव्हतं. बिराप्पाने तर त्या मातीला हात जोडले. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

पण मी अर्धंच सांगितलं होतं. ती भाजली तरी मातीच आहे. पाण्यात भिजली की लोण्यासारखी मऊ होते. कुठल्याही रानाला असतो तसा तिलाही उतार असतो, आणि तुझ्या विहिरीत तो उगवतीकडून विहिरीच्या पोटाकडे येतो. वरचा दगड घट्ट आहे, पण उभ्या चिरांमुळे त्याचे खांबच्या खांब सुटे आहेत. खालची माती गेली की तो फुटत नाही, अख्खा सरकतो. पाणी लाल येतंय म्हणजे माती धुऊन चालली आहे. फट पडली आहे म्हणजे दगड निघाला आहे. आणि सात देवळ्या एका ओळीत कोरून उगवतीकडची निम्मी माती आपणच आपल्या हाताने काढली आहे.

हे असं होणार, हे मला होळीलाच दिसलं होतं. खोटं कशाला बोलू, दिसलं होतं. हातोडा मारून पाहिला, दगड खणखणीत वाजला, आणि मी तेवढंच धरून म्हणालो, 'खुशाल खणा.' तुझ्या आई, साळूमावशी, म्हणाल्या, 'सिकंदरनं बघितलंय म्हंजी झालं.' धोका आहे म्हटलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, तुला रं कसं ठावं? त्या प्रश्नाला मी भ्यालो.

तार करावी तर मेढ्यापासून तुझ्या वस्तीवर ती कोण आणणार? म्हणून हे पत्र सिद्धूजवळ देतोय. तो आमच्या हळदीचा ट्रक घेऊन साताऱ्याला चाललाय, तिथून मेढ्याच्या मोटारीने येऊन तुझ्याच हातात देईल. रविवारी पोचायला हवा. पोचेलच असं म्हणवत नाही. काल रात्रीपासून मी नुसते तास मोजतोय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. तू हट्टी आहेस. तापातल्या माणसाच्या बडबडीवर तू विहीर थांबवणार नाहीस, म्हणून हे सांगणं भाग आहे. मानसिंग मी सांगितलं तसा लढताना तोफगोळ्याने गेला नाही. इटलीत आम्ही दारूगोळा ठेवायला डोंगरात बोगदा खणत होतो. तिथला दगड समुद्राच्या गाळाचा, पण दोन कठीण थरांमधे तशीच ओली माती होती. मातीखाली लाकडाचे टेकू दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा साहेबाचा हुकूम होता. त्या दिवशी साहेब नव्हता, नाईक मी होतो, आणि अंधार पडायच्या आत काम उरकायची घाई माझी होती. मी हातोडा मारला, दगड खणखणीत वाजला आणि मी मानसिंगला म्हणालो, 'जा, घट्ट हाय.' माझ्या शब्दावर तो आत गेला. दगड सरकायला विडी पेटवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बोगद्यातून मी त्याची हाक ऐकली, आणि मग ऐकू येईना. घरी येऊन मी साळूमावशींना सांगितलं, पोर लढता लढता गेलं. त्या अजून चारचौघांत तेच सांगतात. त्याच तोंडाने मी तुलाही म्हणालो, खुशाल खणा. ताप उतरला की पहिल्या मोटारीने मी येतो. मला काठीने बडव, मावशींच्या पुढ्यात उभा कर, उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. पण हे सगळं करायला तू वर असायला हवास, लाला. विहिरीत उतरू नकोस.

अजून तरी तुझाच,
सिकंदर