बर्फाच्या लग्नासाठी जर्दाळूची झाडे

मी, रुस्तम वल्द इब्राहिम, धंदा शेती, राहणार मौजे ब्राल्तो, शिगर खोरे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाविना लिहून देतो. डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. दोन ओळी सांगितल्या की उठून डोंगर बघून येतो. लिहून घेणारे गावचे मौलवी आखोन सादिक वैतागले आहेत.

१. घर, शेत व याकची जोडी मुलगा यावर व मुलगी शहरबानो यांनी शरियतीप्रमाणे वाटून घ्यावी. यावरला शेत विकून शहरात जायचे आहे. "पाणीच नाही तर पेरू काय अब्बा, दगड?" म्हणतो. त्याचे खोटे नाही. वरचा हिवाळी बर्फ पूर्वी जवाच्या पहिल्या पाण्याला पुरायचा. आता नवरोजच्या आधीच वाहून जातो आणि पेरणीला ओढा कोरडा.

२. म्हणून शरियत मर्जीने द्यायला मुभा देते त्या तिसऱ्या हिश्श्यातून जर्दाळूची झाडे विकावीत व बर्फाचे लग्न लावावे. काळा नर बर्फ पलीकडच्या खोऱ्यातून, पांढरा मादी बर्फ आपल्या डोंगरातून आणावा. दोन्ही वरच्या सावलीतल्या कपारीत कोळसा-भुशाखाली एकत्र पुरावेत. जोडी जमली तर हिवाळ्याचा बर्फ तिच्यावर धरून राहील. वाटेत ओझे टेकवू नये, अवाक्षर बोलू नये. हे झाल्याशिवाय यावरने शेत विकू नये.

३. धाकटा भाऊ काझिम. तरुणपणी आम्ही असाच बर्फ लग्नाला आणत होतो, तेव्हा हा घाटात बोलला. बर्फ जमला नाही, मी याच्याशी बोलणे टाकले. माझी तांब्याची किटली याला देऊ नये.

नाही, खोडा ते. द्यावी.

आखोन म्हणतात, "आपो, साक्षीला काझिमच हवा म्हणता ना? मग साक्षीदाराला काही देता येत नाही."

मग राहू द्या किटली. साक्षीला तोच हवा. घाटात तो "दादा, पाय!" एवढेच ओरडला होता. माझा पाय कड्यावरून सुटत होता. माझा मुलगा यावर त्यानंतर जन्मला.

४. कलम दोनमध्ये दुरुस्ती: कोणाचा पाय घसरला तर ओरडावे. बर्फ पुन्हा आणता येतो.

मौजे ब्राल्तो, १९ ऑक्टोबर २०२२.

सही: रुस्तम वल्द इब्राहिम

साक्षीदार: आखोन सादिक (सही)

साक्षीदार: काझिम वल्द इब्राहिम (अंगठा). अंगठा उठवताना म्हणाला, "इतकी वर्षं तू गप्प राहिलास, दादा. जमला का बर्फ?"