बोटीवरची दुसरी जागा

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
११ मे २०२५, रविवार

प्रिय तय्यब,

सलाम. आणि हे पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या तुझ्या लेकीला, नबिलाला, आशीर्वाद. बेटा, अक्षर तिरकं आलंय, पण एक ओळही गाळू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुझे अब्बा मला बोलूच देत नाहीत.

इकडे सगळे ठीक. उन्हाळा लागलाय, सकाळी आठनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. मग मी घरातच सोफा ते फ्रिज अशा चाळीस फेऱ्या घालतो. हवेसाठी खिडकी उघडली की सूनबाई आतून ओरडते, "बाबा, एसी!" मी लावून घेतो.

नातीनं, शुभ्रानं, नॉर्वेचा नकाशा छापून दिलाय, तो उशाशी चिकटवलाय. वर, अगदी वर, एक बेट आहे, तिथून आपली अठरा जूनची बोट सुटणार. कॅप्टन कळवतो, दोन मीटरवरचा हॅलिबट लागला तर फोटो काढून सोडून द्यायचा, तिथला कायदाच आहे. तू म्हणालास, "सद्या, माणसाएवढा मासा हाताशी आणून सोडायचा? रत्नागिरीत सांगू नको, लोक हसतील!" शुभ्राला सांगितलं तर ती म्हणते, "आबा, दॅट्स सो काइंड."

आठवतं का, भूगोलाच्या तासाला गुरुजी म्हणाले, तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, आणि तू उठून विचारलंस, "मग मासे झोपतात कधी?" तुला छडी, हसलो म्हणून मलाही. परवा दोन ओळी जुळल्या. शाळेतल्या चालीवर म्हणून बघ:

तिथे सूर्य रात्री विसावा न घेई,
मलाही सख्या रे तुझी नाव नेई.

वृत्त चुकलेलं नाही. बाकी सगळं चुकलंय, ते आता लिहितो.

माझ्या नॉर्वेच्या व्हिसाची फाइल आत आहे, असं मी तुला तीन आठवडे सांगतोय. ती आत गेलेलीच नाही.

व्हिसाची तारीख मिळाली की मगच निखिलला सांगायचं, असं आपलं ठरलं होतं. पण बोटीच्या फॉर्मवर 'अपघात झाल्यास कुणाला कळवावे' असा रकाना होता. आपण पडलो मराठी शाळेतली पोरं, रकाना रिकामा सोडवत नाही. मी निखिलचा ईमेल भरला. बोटवाल्यांनी त्याला त्याच दिवशी पत्र पाठवलं. जेवताना तो विचारतो, "बाबा, तुमच्या फ्लोटिंग सूटचा साइज मीडियम की लार्ज, हे नॉर्वेहून कोण विचारतंय?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मी भांडलो असतो. उठला, कपाटातून माझा पासपोर्ट काढून ताटाशेजारी ठेवला. "जा ना, बाबा. फक्त तुमचा इथला व्हिसा वीस जूनला संपतोय. त्या आठवड्यात रिन्यूअलच्या मेडिकलला तुम्ही इथे हवेत. नसलात तर खलास, कॅन्सल करू, मग नव्यानं भरू. तीन-चार महिने. तोवर पुण्याला वैभवीताईकडे राहा."

"आणि मग बोलावशील?"

"ऑफकोर्स. इन्शाल्ला."

तू म्हणतोस त्यात अल्ला असतो, तय्यब. निखिल तो शब्द फोनवर समोरच्याला तारीख द्यायची नसली की वापरतो. मी रोज ऐकतो.

शोभना गेल्यावर पुण्याचं घर मी आपल्या हातानं विकलं. वैभवीच्या दोन खोल्यांत तिच्या सासूबाई आहेत. तिथेही मी पाहुणाच, फक्त खिडकी उघडी. जायला मला कुणाची परवानगी लागत नाही रे. परत यायला लागते.

मी पासपोर्ट त्याच्या हातात दिला. म्हटलं, राहू दे, थंडी सोसत नाही मला. त्यानं लगेच कपाट लावलं. फार लगेच.

त्यानं अडवलं असं तुला सांगायचं मनात होतं. कुणीही अडवलं नाही. आणि तरी त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्याशी गळाला शिसं किती बांधायचं यावर वाद घालत बसलो.

नबिला, आता पुढचं तुझ्यासाठी. वाचायची थांबू नकोस. तू म्हणाली होतीस, "सदूकाका बरोबर असतील तरच अब्बांना सोडीन." तुझं खरं होतं, काचबिंदूच्या माणसाला बोटीत एकटा सोडू नये. काल मी बोटीच्या ऑफिसला कळवलं: माझ्या जागी तुझं नाव. त्यांनी हो म्हटलंय. कागद या पत्राबरोबरच आहेत. शारजातल्या रोल्लाचा यूनुस सुट्टीवर गावी निघाला होता, त्याच्या हाती दिलेत. अब्बांचा व्हिसा आलाय, तुझाही येईल. उद्याच अर्ज कर.

सूर्य म्हणे पाण्यापर्यंत उतरतो आणि पुन्हा वर चढतो. त्या वेळी अब्बांची मान त्या बाजूला वळव, आणि गप्प राहा.

तय्यब, तू माझ्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबायला निघशील, मी ओळखतो तुला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचं काही सांगितलेलं नाही. यंदाच जा. माझ्यावर रागाव हवं तर, पण बोटीत बसून रागाव.

भित्रा, पण तुझाच,
सदानंद