सोन्याचे आजचे मोल

हर्सूल, औरंगाबाद
१० सप्टेंबर १९८९

तीर्थस्वरूप नानासाहेबांना आशाचा नमस्कार.

राखीपौर्णिमेला तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर वेरूळला नीट पोहोचलात का हेसुद्धा मी विचारले नाही. त्याबद्दल क्षमा करा. लिहायला बसले की रागाने अक्षर बिघडत होते. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला असेल अशी आशा करते, कारण मला भांडायचे आहे आणि आजारी माणसाशी भांडणे मला पटत नाही.

त्या दिवशी तुमच्या भाचीने, उज्ज्वलाने, विज्ञानाचे पुस्तक पुढे करून विचारले, की ग्रॅमवरून मोल कसे काढायचे? तुम्ही पुस्तक उघडलेसुद्धा नाही. (उघडले असतेत तर हे पत्र लिहावे लागले नसते.) वर हसून म्हणालात, "पोरी, सराफ्यात जन्म गेला माझा. मोल कधी ग्रॅमवर असतंय व्हय? ते बाजारावर असतं." पोरीने विश्वास ठेवला. चाचणीत प्रश्न आला: १९७ ग्रॅम सोने म्हणजे किती मोल? तिने लिहिले, "भाव रोज बदलतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. शिवाय घडणावळ वेगळी."

नानासाहेब, उत्तर 'एक' होते. नुसते एक! विज्ञानातला मोल म्हणजे किंमत नव्हे, एक माप; सोन्याच्या एका मोलाचे वजनच १९७ ग्रॅम असते.

सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचले. आता तिला पाहिले की मुली ओरडतात, "ए घडणावळ, आज काय भाव?" तीन दिवस ती शाळेत गेलेली नाही. शनिवारी चाचणी पुन्हा आहे, तिलाही बसणार नाही आणि दहावीनंतर विज्ञान घेणार नाही म्हणते. ज्या पोरीला डॉक्टर व्हायचे होते ती!

मी सरांशी भांडायला गेले. मुलीचे उत्तर चार लोकांत वाचून हसता, हे शिकवणे आहे का, असे विचारले. (हे योग्यच होते, मी पुन्हापुन्हा तपासून पाहिले आहे.) ते म्हणाले, "ताई, एका मोलाचं वजन जेवढं, त्यानं ग्रॅमला भागायचं. एवढं सोपं आहे." आणि खडू माझ्या हातात दिला. पाण्याचा मोल अठरा ग्रॅमचा, तर छत्तीस ग्रॅमचे किती? मी बी.ए. आहे. मी गुणले. ६४८ आले. मागच्या बाकावर कोणीतरी खिदळले.

याला जबाबदार तुम्ही.

तुमची धाकटी बहीण,
आशा

ता. क. खरे सांगायचे तर 'वजनमापातलं मामांना विचार' असे मीच तिला सांगितले होते, कारण मला येत नव्हते. म्हणून वरच्या रागातला थोडा माझ्याकडे वळवून वाचावा. थोडाच.

ता. क. माझे ६४८ ऐकून उज्ज्वला तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अगं आई, अठरा-अठरा ग्रॅमच्या पुड्या बांधायच्या. छत्तीसच्या किती?" मी म्हटले, पाण्याच्या पुड्या? तिने कपाळाला हात लावला. म्हणजे तिला येते, नानासाहेब. नुसती लाज आडवी आली आहे.

ता. क. शुक्रवारी या. वर्गात उभे राहून 'ते उत्तर माझं होतं' एवढे म्हणा. मामा आले तर शनिवारी बसेन, असे ती म्हणाली आहे. मी विनवते आहे, पण अजून रागावलेलीच आहे.

(माझ्याच आठवणीसाठी) उद्या: पत्र टपालात टाकण्याआधी त्यातले आकडे उज्ज्वलाकडून तपासून घेणे.