परकाराचं टोक

मेक्नेस,
१२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

शिकून मी नेमकं काय मिळवलं? गेल्या पत्रात तू विचारलंस, आणि खरं सांगते, मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर, आणि एवढ्याशा प्रश्नावर अडले!

आम्ही सगळे मजेत आहोत. आई तुझ्या हातच्या मुरवलेल्या लिंबांची रोज आठवण काढते. शाळेत शिकवायला जाताना घालायला तू शिवलेला पायघोळ जेलबा झकास बसला. बाहीला जरा हिरवा रंग लागलाय, रागावू नकोस.

तो कसा लागला ते सांगते. हाज्जा झुबैदांच्या दिवाणखान्याचं छत रंगवायचं काम बाबांकडे आलंय. मधली मोठी फळी कोरीच होती. आमच्या दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे: फळीच्या मध्यावर जो वर्तुळ आखायला परकाराचं टोक रोवेल, त्यानेच ती शेवटच्या रंगापर्यंत पुरी करायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणून बाबा मला कडेच्या पट्ट्या भरायला देतात, मध्य कधीच नाही.

सोमवारी बाबा न्हाव्याकडे गेले आणि मी टोक रोवलं. सोळा कोनांची चांदणी आखली, थोडा हिरवाही भरला.

बाबा परतले, फळीवर वाकले. "हे भोक कुणी पाडलं?"

"उंदराने," शेजारचे सुतार इद्रिसकाका रंधा थांबवून म्हणाले.

"उंदीर परकार धरतो?"

"तुझ्या घरचा धरतो. पदवीधर आहे ना!"

बाबा हसले नाहीत. "अगं, या फळीला हिवाळा संपेल. तुझी शाळा पुढच्या आठवड्यात उघडतेय. पुरी कोण करणार?"

"मी."

त्यांनी बोटाने चांदणीचे सोळाही कोन मोजले. मग म्हणाले, "बघत काय बसलीस? रंगात कालवायला अंडी फोड. तुझ्या हिरव्यात बलक कमी पडलाय."

मावशी, मी शिक्षिका व्हावं म्हणून तू रात्रंदिवस शिवणयंत्र चालवलंस. ते विसरले नाही, म्हणून तर लिहायला हात धजत नव्हता. पण वर्गात हीच चांदणी फळ्यावर काढली असती आणि तास संपला की पुसली असती. इथे हाज्जांची नातवंडं तिच्याखाली लोळत कोन मोजतील. समोरच्या घरातल्या मुलींनाही मी परकार धरायला शिकवतेय.

बाबांनाही कालच कळलं, आता तुला सांगते. टोक रोवण्याआधीच मी मुख्याध्यापिकांना भेटून नोकरी नाकारून आले होते. ती जागा आता माझ्याबरोबर शिकलेल्या गिझलानला मिळालीय.

तुझी भाची आणि या दुकानाची रंगारी,
इलहाम