बाटलीवर कुणाचा फोटो

मेम्फिस, ऑक्टोबर

प्रिय आई,

मी सुखरूप आहे. खोली उबदार आहे, जेवणही पोटभर मिळतं. फक्त एकट्याने जेवताना रेडिओ चालू ठेवतो. तुझा गुडघा कसा आहे? बाबांच्या माघारी लाकडं कोण फोडून देतं?

काल इथल्या परवान्याच्या भट्टीतून आपल्या मक्याच्या व्हिस्कीची पहिली धार निघाली. तू शिकवलंस तसं, कडकपणा जोखायला बरणी हलवून मी बुडबुडे पाहिले. जमलीय असं वाटलं, पण खात्री करून घ्यायला शेजारी तू नव्हतीस.

मालक प्रुइट म्हणाले, "डेल्मर, बाटलीवर तुझ्या बाबांचाच फोटो छापू. डोंगरात चोरून दारू गाळली, तुरुंगात गेले! लोकांच्या उड्या पडतील."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांना कुठे येत होती गाळायला? आई गाळायची. पोलीस आले तेव्हा बाबांनी तिला ओढ्यापलीकडे पिटाळलं आणि स्वतः भट्टीपाशी उभे राहिले."

तीस वर्षं आपण तिघांनी झाकलेलं मी बोलून बसलो. रागावू नकोस.

आता ते तुझा फोटो मागताहेत. चर्चमधल्या बायका काय बोलतील ते मलाही कळतं. म्हणून आईला विचारल्याशिवाय देणार नाही, असं सांगितलंय.

बाबा सुटून आले तेव्हा तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हतीस, नुसती वाढत होतीस. त्याचं कारण मला आत्ता कळतंय. पोलीस आले त्या दिवशी त्यांनी तुला विचारलं नव्हतं. मी विचारतोय.

तब्येतीला जप.

तुझाच,
डेल्मर