देवाआधी हुंगलेलं फूल

प्रिय महेश्वरी, शिवाशीर्वाद.

तू सांगितलेलं काम झालं. आपल्या बागेतल्या तिन्ही जातींच्या डाळिंबाची फुलं आणि फळं या डब्यात आहेत. फुलं नरच तोडली, ती तशीही गळतात. तुझ्या प्रबंधापायी एकही फळ वाया घालवलेलं नाही.

वास घेऊन लिहून ठेवण्याचं मात्र अवघड गेलं. देवाचं फूल हुंगू नये, हे मला परकर-पोलक्यात असताना शिकवलेलं. पहिल्या सकाळी फूल नाकाशी नेलं की श्वास आपोआप बंद. चाळीस वर्षांची सवय. डाळिंबाच्या फुलाला वासच नसतो म्हणतात. अगं, कुणी घेतलाच नाही की. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून घेतला. गणेश जातीचं फूल ओल्या गवतासारखं, भगवा जातीचं किंचित मिरीसारखं, आणि विहिरीजवळच्या आंबट गावठी झाडाचं, सुतारानं लाकूड तासावं तसं. दाण्यांचे वास आणखी वेगळे. वहीत रकाने पाडून लिहिलेत: जात, वेळ, वास. गवताला वास देणारं ते हेक्झॅनल रसायन तुमचं मशीन दाखवतं ना, ते गणेशच्या फुलात शोध. नाही सापडलं तर मशीन तपासून घे. माझं नाक बरोबर आहे.

तुझ्या शांतम्मा आत्यांनी पाहिलं. तुझ्या अप्पांसमोर म्हणाल्या, "लेक फुलं हुंगायला शिकली, आता आई देवाला बाटवती." मी हुंगलेलं तेच फूल त्यांच्यादेखत लिंगावर वाहिलं. देव जागचा हलला नाही. ज्यानं फुलात वास घातला, त्याला मी तो घेतल्याचा राग कसा येईल?

आता ज्यासाठी लिहिते ते. घरात फोनला सगळ्यांचे कान असतात, म्हणून कागद. आत्यांनी अक्कलकोटचं स्थळ आणलंय. मुलगी शिकलेली हवी, पण शिकणारी नको म्हणे. बघण्यासाठी तू येणार नाहीस हे अप्पांना ठाऊक आहे. म्हणून ठरलंय, शुक्रवारी तुला फोन करायचा: अव्वाच्या छातीत दुखतंय, लगेच नीघ. मी खोटं बोलणार नाही, म्हणून बोलतील अप्पाच. रडल्यासारखं बोलतील. तू निघू नकोस. डबा बुधवारी पोचेल. मी रोज विहिरीपर्यंत चालते, दोन भाकरी खाते, पूजा करते, आणि आता फुलंही हुंगते. प्रबंध दिल्याशिवाय आलीस तर दार मीच लावून घेईन.

तुझी आई,
ठणठणीत अव्वा