बोटांवरचं तेल

लंडन, ४ मार्च १९५८

तीर्थरूप बाबा, तुमच्या पायांवर नामाचं डोकं.

मी खुशाल आहे. थंडी ओसरली. आईचं खोबरेल रोज सकाळी डोक्याला लावतो.

ठमे, पुढचं आईसमोर नको, बाबांना एकट्यांनाच वाचून दाखव.

बाबा, इथल्या प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे परातीएवढ्या पाण्यावर मेणाचे अतिसूक्ष्म कण लावणीच्या रोपांसारखे शेजारी शेजारी उभे करायचे आणि तो एकपदरी थर काचेवर उचलायचा. दोन महिने थर फाटत होता. साहेबांनी भांडी धुणाऱ्या हॉब्जबाईंना हलगर्जी ठरवून कामावरून काढलं.

परवा मला उमगलं. माझ्याच बोटांवरचं खोबरेल पाण्यावर पसरून त्या कणांना जागेवरून ढकलत होतं.

तेलकट पायांनी वाफ्यात उतरले म्हणून तुम्ही धर्माकाकांना, सख्ख्या भावाला, मिठागरातून हाकललं होतंत. तवंगाखाली मीठ धरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. इतकं शिकून तेच विसरलो.

साहेबांपुढे अजून तोंड उघडलेलं नाही. आधी हे पत्र पेटीत टाकतो, मग त्यांच्याकडे जातो. म्हणजे मागे फिरता येणार नाही.

यंदा मीठ कसं आहे?

तुमचा,
नामा

आईला म्हणावं, तेल अजून पुष्कळ आहे, पाठवू नको.